मुखवटे आणि प्रतीके (पुण्यातील भित्तिचित्रकला)

पुणे शहरातील सार्वजनिक भिंतींवर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून जी मोठी रंगीत चित्रे दिसू लागली, त्यांच्यासाठी इंग्रजीतून आलेले 'स्ट्रीट आर्ट' हे नाव रूढ झाले आहे. मराठीत या प्रकारास पथचित्रकला किंवा सार्वजनिक भित्तिचित्रकला असे म्हणता येते. फवाऱ्याचे डबे, प्लास्टिक पेंट आणि उंच परांच्या ही या चित्रांची साधने आधुनिक आहेत. त्यांतील विषय मात्र पुष्कळदा फार जुने असतात. पुराणकथांतील पात्रे, आदिवासी चित्रलिपी, देवतांची मुखे, राक्षसांचे जबडे आणि लोकनाट्यातील सोंगे यांचा त्यांत वारंवार वापर होतो. या विषयांमागे महाराष्ट्रातील मुखवट्यांची व प्रतीकांची दीर्घ परंपरा उभी आहे. तिच्यातील बरीचशी सामग्री पुण्यात किंवा पुण्यापासून एका दिवसाच्या अंतरावर पाहावयास मिळते.

'मुखवटा' या शब्दाचे दोन अर्थ

आजच्या लेखी मराठीत मुखवटा हा शब्द बहुधा ढोंगाच्या अर्थाने येतो. सभ्यतेचा मुखवटा, मुखवटा गळून पडणे, खरा चेहरा उघडा पडणे हे वाक्प्रयोग वर्तमानपत्रांत नित्य आढळतात. 'सोंग' या शब्दाचीही तीच गत झाली आहे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे.

धार्मिक व्यवहारात या दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ उलट आहे. महाराष्ट्रातील अनेक ग्रामदेवता तांदळा स्वरूपात, म्हणजे घडीव अवयव नसलेल्या पाषाणाच्या रूपात असतात. अशा पाषाणावर सणावारी चांदीचा किंवा पितळेचा मुखवटा बसवितात. तो बसला की निराकार शिळेला मुख मिळते आणि भक्ताला दर्शन घडते. येथे मुखवटा काही लपवीत नाही. जे एरवी दिसत नाही ते तो दाखवितो. 'सोंग' म्हणजेही विधीप्रसंगी देवतेचे रूप धारण करणे. ते घेणाऱ्या माणसाच्या पाया वडीलधारी मंडळीही पडतात, कारण तेवढ्या वेळेपुरता तो घरचा मुलगा नसून देव असतो.

मुखवट्यांची चित्रे पाहताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य पथचित्रकलेत मुखवटा पुष्कळदा ओळख लपविण्याचे, बंडाचे किंवा उपहासाचे चिन्ह असतो. मराठी मुलखातील देवळाजवळच्या भिंतीवर तेच चित्र आले, तर पाहणारा प्रथम चप्पल काढण्याचा विचार करील.

पुणे परिसरातील प्राचीन प्रतीके

पुणे जिल्ह्यातील सर्वांत जुन्या प्रतीकात्मक वस्तूंपैकी एक शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे मिळाली. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी ही या कामाशी निगडित असलेली प्रमुख नावे होत. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या या वसाहतीत एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी सापडली. तिच्यात शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती. सोबत बैलाची मृण्मूर्तीही होती. मूर्ती भंगलेली नव्हती, ती मुळातच शिराविना घडविलेली होती. पुढील काळातील लज्जागौरीच्या शिल्पांतही मस्तकाच्या जागी पुष्कळदा कमळ असते. या भूमीत देवतेला मुख असणे कधीच गृहीत धरलेले नव्हते, असे यावरून दिसते. मुख नसलेल्या देवतेला मुख देण्याची जी परंपरा पुढे मुखवट्यांत आढळते, तिच्याशी या मूर्तींचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. तथापि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

मंदिरस्थापत्यात याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथे देह नसलेले नुसते मुख आढळते, ते कीर्तिमुख होय. बटबटीत डोळे, फाकलेला जबडा व खालचा भाग नसलेला हा चेहरा देवळाच्या उंबरठ्यावर, स्तंभांवर व कमानींवर कोरलेला असतो. त्याची कथा स्कंदपुराणात येते. जालंधर दैत्याने राहूला शिवाकडे उद्धट निरोप घेऊन पाठविले. तेव्हा शिवाच्या तिसऱ्या नेत्रातून एक भयानक भुकेला प्राणी प्रकटला. राहू शरण आल्यामुळे शिवाने त्या प्राण्याला स्वतःचेच शरीर खाण्यास सांगितले. त्याने पायांपासून आरंभ करून मुखापर्यंत सर्व खाऊन टाकले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्यास कीर्तिमुख हे नाव देऊन आपल्या द्वाराशी स्थान दिले. भिंतीवर एखादा चेहराच चेहरा काढणाऱ्या चित्रकाराला याहून जुना आणि याहून योग्य पूर्वज मिळणार नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर टांगलेला काळ्या रंगाचा जीभ बाहेर काढलेला राक्षस आणि मालमोटारीच्या मागे रंगविलेले तसलेच तोंड ही त्याच कुळातली, फक्त गरीब घरची भावंडे आहेत. दृष्ट लागू नये हे त्यांचे काम आहे.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिराचा उल्लेख येथे विस्ताराने केला पाहिजे. भीमगीर गोसावी यांनी १७५४ मध्ये या मंदिराचे काम सुरू केले. आतील गणेशमूर्ती तीन सोंडांची, सहा हातांची व मयूरावर बसलेली आहे. दर्शनी भागावर द्वारपाल, हत्ती, यक्ष यांची दाटी असून त्यांतच एक विलक्षण शिल्पपट्ट आहे. त्यात बंदूकधारी गोरे शिपाई साखळीने बांधलेल्या गेंड्यासह कोरले आहेत. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल प्रांतावर मिळविलेल्या ताब्याचे हे प्रतीक आहे, असा अर्थ अभ्यासक लावतात. गेंडा हा त्या बाजूच्या प्रदेशाचा निदर्शक मानला आहे. पौराणिक चौकटीत समकालीन राजकारण बसविण्याची ही युक्ती आजच्या पथचित्रकाराची म्हणून वाखाणली जाते. सोमवार पेठेतल्या पाथरवटांनी ती अठराव्या शतकातच साधली होती. पुण्यातील किती पुणेकरांनी हा गेंडा पाहिला आहे, हा वेगळा प्रश्न आहे.

जिवंत मुखवटे

बोहाडा

महाराष्ट्रातील मुखवटा-परंपरांत बोहाडा ही सर्वांत समृद्ध आहे. पालघर जिल्ह्यातील मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ भागांत होळीनंतर पावसाळा लागेपर्यंत निरनिराळ्या गावी हा उत्सव होतो. भवाडा, भोवाडा अशीही त्याची नावे आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी जमाती व गावातील इतर समाज त्यात सहभागी होतात. उत्सव काही ठिकाणी एक रात्र, तर काही ठिकाणी अनेक रात्री चालतो.

रात्र पडल्यावर गावच्या मुख्य वाटेवर लोक दोहों बाजूंना बसतात. संबळ व सनई-पिपाणी वाजू लागते आणि दिवट्यांच्या किंवा आता विजेच्या प्रकाशात सोंगे एकामागून एक येतात. प्रथम गणपती येतो. सरस्वती कमरेला मोराचा सांगाडा बांधून येते. त्यानंतर खंडेराव, भैरव, नरसिंह, हिरण्यकशिपू, राम, रावण, वेताळ असा मोठा परिवार उजाडेपर्यंत चाललेला असतो. सोंगे बोलत नाहीत. काही पावले पुढे, काही मागे, गिरकी आणि पुन्हा पुढे अशा ठरीव चालीने नाचत ती वाट कापतात. प्रत्येक सोंगाची चाल व वाद्यांचा ठेका निराळा असतो. जाणकार माणूस डोळे मिटूनही कोणता देव आला हे सांगू शकतो. अखेरच्या पहाटे देवी जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध होते आणि असुराच्या वधाने उत्सव संपतो.

मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लाकूड कोरून केलेला मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण तो जड असतो. रावणाच्या दशमुखांचा रुंद मुखवटा डोक्यावर तोलून रात्रभर नाचणे हे अंगमेहनतीचे काम आहे. लगद्याच्या मुखवट्यासाठी भिजविलेला कागद व डिंक कुटून साच्यावर थर देतात. कीड लागू नये म्हणून काही कारागीर त्यात मेथ्यांची पूड घालतात. वाळल्यावर पांढरा हात देऊन रंग चढवितात. डोळे नेहमीच्या मापापेक्षा मोठे असतात, कारण ते हलत्या, धुरकट उजेडात लांबून दिसावयाचे असतात. असुरांचे सुळे ओठांबाहेर काढलेले असतात. मुखवट्याचे डोळे हे बहुधा नाचणाऱ्याचे डोळे नसतातच. तो नाकाखालच्या किंवा तोंडाच्या फटीतून वाट पाहतो. दिवसा हातात घेतल्यावर यांतले काही मुखवटे ओबडधोबड वाटतात. ते घराच्या भिंतीवर टांगण्यासाठी केलेले नाहीत, हे विसरून त्यांच्यावर मत देणे अन्यायाचे होईल.

अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे हे परंपरेने ठरलेले असते. मान मिळालेला माणूस पथ्ये पाळतो, मुखवट्याची पूजा झाल्यावाचून तो चढविला जात नाही, आणि उत्सवानंतर मुखवटे जपून ठेवले जातात. वर्षातले उरलेले दिवस ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. मुखवट्यावरचा हा हक्क व त्याचे हे दडून राहणे हा परंपरेचा गाभा आहे. भिंतीवरच्या चित्रात नेमका हाच भाग हरवतो.

सोंगी मुखवटे, संकासुर व दशावतार

सोंगी मुखवटे या नावाने ओळखले जाणारे नृत्य चैत्र पौर्णिमेच्या सुमारास होते. त्यात नरसिंहाची दोन सोंगे, काळभैरव व वेताळ असतात. ढोल, पावरी व संबळ ही त्याची वाद्ये होत.

कोकणातील शिमग्यात संकासुर येतो. अंगभर काळा वेष, डोक्यावर उंच निमुळती टोपी, चेहऱ्यावर काळ्या कापडाचा मुखवटा, त्यावर पांढरी दाढी व लांब लाल जीभ आणि कमरेला घुंगरांचा पट्टा असे त्याचे रूप असते. मुले त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात हाच संकासुर वेद चोरणारा दैत्य म्हणून येतो. मत्स्यावतारातील शंखासुराचे हे लोकरूप होय. तेथे तो भटजींशी विनोदी हुज्जत घालतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. त्याच पूर्वरंगात गणपती लाकडी मुखवटा घालून प्रवेश करतो. खलनायकाने सर्वांत जास्त हशा घ्यावा, ही या पात्राची खुबी आहे.

पुण्यातील घरगुती मुखवटे

पुणेकरांच्या स्वतःच्या घरातील मुखवटा म्हणजे भाद्रपदातील ज्येष्ठागौरींचा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन व मुळावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा सण आहे. काही घरांत खड्यांच्या गौरी असतात, काहींत तेरड्याच्या, तर पुष्कळ घरांत पितळेच्या किंवा शाडूच्या मुखवट्यांच्या उभ्या गौरी असतात. मुखवटे दारातून आत आणताना जमिनीवर पावले उमटवितात. सासूकडून सुनेकडे आलेला पितळी मुखवटा तीन दिवस घरातली माहेरवाशीण असतो आणि चौथ्या दिवशी कापडात गुंडाळून पुन्हा डब्यात जातो. बोहाड्यातील मुखवट्याप्रमाणेच हाही वर्षभर लपलेला असतो. शहरी वाचकाला डोंगरातील ती प्रथा परकी वाटण्याचे कारण नाही.

देवघरातील टाक हेही याच परंपरेतील. खंडोबा, भैरोबा, भवानी यांच्या प्रतिमा चांदीच्या लहान पत्र्यावर ठोकून उठविलेल्या असतात. घोडा, कुत्रा, तलवार एवढ्या खुणांवरून देव ओळखावयाचा असतो. थोडक्या रेषांत ओळख पटविण्याची ही शिस्त पथचित्रकारांनी अभ्यासण्याजोगी आहे, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याजवळ चित्रासाठी दोन-चार क्षणच असतात.

भिंतीवर चित्र काढण्याची जुनी रीत

मुखवट्याप्रमाणे भिंतीवरील चित्रालाही महाराष्ट्रात दीर्घ पूर्वपरंपरा आहे. अजिंठ्याची चित्रे सर्वश्रुत आहेत. पेशवाईत वाड्यांच्या व देवळांच्या भिंती पौराणिक प्रसंगांनी रंगविण्याची चाल होती. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यात तिचे अवशेष पाहावयास मिळतात. पुण्यातील वाड्यांतली अशी बहुतेक कामे आगीत, पडझडीत व चुन्याच्या पुटांखाली गेली.

वारली चित्रकला ही मुळात लग्नघरची आहे. गेरू किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणून ते लेखन पूर्ण करते. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही रेषा विधीच्या बाहेर आणून कागद व कापडावर जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. स्त्रियांच्या हातची विधिचित्रे पुरुषाच्या हातची कला म्हणून प्रसिद्ध झाली, हा या इतिहासातील एक लक्षणीय पालट होय. वारली माणसाला चेहरा नसतो. दोन त्रिकोण व एक वर्तुळ एवढ्यावर त्याचे काम भागते आणि तरीही तो नाचतो आहे की पेरतो आहे हे कळते.

चित्रकथी परंपरेत डोळे हेच मुख्य असतात. कथेकरी कागदावरील चित्रे एकेक दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने सांगत. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही कला टिकविली असून परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी जुनी चित्रे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. जाड बाह्यरेषा, सपाट रंग व मोठा वाटोळा डोळा ही त्यांची वैशिष्ट्ये आजच्या मोठ्या भिंतीला जणू मापूनच घेतलेली वाटतात.

पुण्यातील पथचित्रकला

गणेशोत्सवातील देखावे, निवडणुकीच्या भिंती, चित्रपटांचे हाताने रंगविलेले फलक व दुकानांच्या पाट्या यांमुळे पुण्यात भिंत रंगविणारा हात नेहमीच होता. स्वतंत्र कलाप्रकार म्हणून पथचित्रकलेची ओळख होण्यास पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट हा उपक्रम मोठ्या प्रमाणात कारण झाला. पुण्याचे चित्रकार हर्षवर्धन कदम यांनी तो सुरू केला आणि त्यासाठी कसबा पेठेची निवड केली. भारतीय पुराणकथांतील व लोकपरंपरेतील प्रतिमांची नव्याने मांडणी हे कदम यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानले जाते.

कसबा हे पुण्याचे मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती येथेच आहे. तांबट आळी येथेच आहे. तेथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्यांच्या हातोड्यांचा आवाज अजून ऐकू येतो. जवळच कुंभारवाडा आहे. अरुंद बोळ, समोरासमोरच्या खिडक्या आणि लाकडी सज्जे यांमुळे येथे कोणतेही चित्र एकांतात काढता येत नाही. चित्रकार परांचीवर चढला की खाली सल्लागार जमतात. मारुतीचे शेपूट कोणत्या बाजूला असावे, गणपतीची सोंड डावी की उजवी, याविषयी पेठेत प्रत्येकाचे ठाम मत असते. हे चित्रकाराला त्रासदायक वाटले, तरी अशा भिंतीवर देवतेचे मुख काढताना ही जनतेची परीक्षा टाळता येत नाही आणि टाळूही नये.

या कलेस देशात अन्यत्रही याच सुमारास बहर आला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनने दिल्लीतील लोधी कॉलनीच्या भिंती रंगविल्या आणि २०१७ मध्ये मुंबईच्या ससून गोदीत प्रदर्शन भरविले. त्यात कोळी समाजाचे चेहरे व जीवन यांना प्रमुख स्थान होते. महाराष्ट्रातील शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाच्या स्पर्धेमुळे नगरपालिकांनीही भिंती रंगविण्यास आरंभ केला. संरक्षक भिंतींवर गेरूच्या पार्श्वभूमीवर काढलेल्या वारली आकृतींच्या रांगा त्यातून आल्या. त्यांपैकी पुष्कळ कामे एकाच नमुन्याची पुनरावृत्ती आहेत. तारप्याभोवतीचा फेर एकदा गिरविला की भिंत भरते, पण फेर उलटा का फिरतो, तारपा वाजविणारा मध्ये का असतो, याचा पत्ता रंगविणाऱ्याला नसतो.

तंत्र

मोठ्या भिंतीवर रेखाटन नेण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत मूळ चित्रावर व भिंतीवर सारख्या प्रमाणात चौकोन आखून घेतात. रंगात बुडविलेली सुतळी ताणून टपकविली की सरळ रेषा उमटते. दुसऱ्या रीतीत रात्री प्रक्षेपकाने चित्र भिंतीवर पाडून बाह्यरेषा काढतात. बोळ अरुंद असल्यास प्रक्षेपकाला पुरेसे अंतर मिळत नाही, म्हणून जुन्या पेठांत चौकोनांचीच रीत सोयीची ठरते. भिंत आधी घासून, पोपडे काढून व भेगा भरून घ्यावी लागते. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट दिल्यास आतील ओल बाहेर पडत नाही व रंग फुगून सुटतो. पुण्यातील पावसाळा संपेपर्यंत उत्तरेकडील भिंतींवर शेवाळ धरते. त्यामुळे काम बहुधा दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यापूर्वी संपविले जाते.

मुखवटा चितारताना एक विशेष अडचण येते. खरा मुखवटा अर्धवर्तुळाकार उठावाचा असतो आणि नाचणाऱ्याच्या हालचालीबरोबर त्याच्यावरील उजेड बदलतो. सपाट भिंतीवर तो परिणाम साधण्यासाठी चित्रकार गाल व कपाळ छायाप्रकाशाने उचलून धरतात, किंवा चित्रकथीप्रमाणे उठावाचा मोह सोडून रेषेवर व डोळ्यांवर भर देतात. दुसरा मार्ग अधिक यशस्वी ठरतो असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कायदा व परवानगी

महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये सार्वजनिक ठिकाणी दिसणारी मालमत्ता परवानगीवाचून रंगविणे किंवा तिच्यावर लिहिणे हा अपराध आहे. त्यामुळे येथील बहुतेक मोठी भित्तिचित्रे मालकाच्या संमतीने अथवा महापालिकेच्या पुढाकाराने काढली जातात. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात फोफावलेल्या रात्रीच्या चोरट्या लेखनाशी त्यांचे नाते दूरचे आहे.

वादाचे मुद्दे

प्राचीन किंवा आदिवासी संस्कृतीतील रूपे उचलून आधुनिक कला समृद्ध झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. पाब्लो पिकासोच्या १९०७ च्या 'आव्हिन्योंच्या तरुणी' या चित्रात आफ्रिकी मुखवट्यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मेक्सिकोत दिएगो रिवेरा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून सरकारी इमारतींच्या भिंतींवर आझ्टेक संस्कृतीची प्रतीके रंगविली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आरंभ केलेल्या जाँ-मिशेल बास्किया (१९६०–१९८८) याच्या चित्रांतील कवटीसारखी मुखे आफ्रिकी वारशाशी जोडली जातात. यांतील पिकासोचे उदाहरण वादग्रस्त आहे, कारण ज्यांनी ते मुखवटे घडविले त्यांची नावे कलेच्या इतिहासात आली नाहीत.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आहे. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी भिंतीवर वारली आकृती काढणारा हात वारली असतोच असे नाही. बोहाड्याच्या मुखवट्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. जे मुख वर्षातून एकदा, पूजा करून, मानकऱ्याने चढवावयाचे, ते बारा महिने कचराकुंडीशेजारच्या भिंतीवर उघडे ठेवणे योग्य आहे काय? भिंतीवर लघुशंका होऊ नये म्हणून देवांची चित्रे असलेल्या फरशा बसविण्याची चाल आपल्या शहरांत आहेच. देवाला पहारेकरी करण्याची ती रीत कोणालाही भूषणावह नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की, कीर्तिमुख प्रथमपासून दारावरचा पहारेकरीच होता, आणि ज्या मुलाने जव्हार-मोखाडा कधी पाहिलेले नाही, त्याला निदान भिंतीवर तरी तो चेहरा भेटतो. मुखवटा घडविणाऱ्या गावांतील कारागिरांना सोबत घेऊन, चित्राखाली गावाचे व परंपरेचे नाव लिहून हे काम केले तर आक्षेपाची धार पुष्कळ कमी होईल. सध्या चित्राखाली चित्रकाराची सही व प्रायोजकाचे चिन्ह असते. मुखवटा कोठला हे क्वचितच लिहिलेले असते.

आयुष्य

पथचित्र अल्पायुषी असते. ऊन, पाऊस, पत्रके, नवीन नळजोडणीसाठी पाडलेली भोके व पुढच्या वर्षीचा रंग यांत ते संपते. जुन्या पेठांत वाडा पाडून इमारत उभी राहिली की भिंत जाते आणि तिच्यावरचे चित्रही जाते. विधीच्या परंपरांना हे नवे नाही: लग्नाचा चौक पुढच्या सारवणात मिटतो, शाडूच्या मूर्तीचे विसर्जन होते. उलट थर चढत जाण्याचीही परंपरा आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीवरील शेंदराचे जाड कवच २०२२ मध्ये उतरविल्यावर आतील मूर्तीचे निराळे मुख भक्तांना दिसले. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूपाचे दर्शन घेतले, ते शेंदराचे होते. रंगविलेल्या भिंतींची छायाचित्रे काढून ठेवणे हाच तूर्त जतनाचा व्यवहार्य मार्ग आहे. ती काढताना भिंतीचा पत्ता व तारीख नोंदविल्यास पुढील अभ्यासकांची सोय होईल.

पाहण्याची ठिकाणे

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे, वाद्ये व वारली चित्रे आहेत; शहरात राहून हे मुखवटे जवळून पाहण्याची ही सर्वांत चांगली जागा होय. कवी अज्ञातवासी म्हणजेच दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय बाजीराव रस्त्याजवळ आहे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वीय संग्रहालय आहे. त्रिशुंड गणपतीचे मंदिर सोमवार पेठेत नागझरीच्या काठी असून दर्शनी भागावरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतात. कसब्यातील भित्तिचित्रे बोळांत विखुरलेली असल्यामुळे ती पायी फिरूनच पाहावी लागतात, आणि त्यांतील काही पुढच्या खेपेस तेथे नसतील.